विंचवाचं पान

डॉक्टर आजारी पडला तर कुठे जातो, मला माहीत नाही. डॉक्टर घाबरला की मात्र आमच्या दुकानात येतो. हिंगोलीच्या बसस्टँडमागे दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग’ एवढंच. आत डावीकडच्या कपाटात लग्नपत्रिकांचे नमुने आणि उजवीकडच्या कपाटात, एमबीबीएस झालेल्या माणसांना पुन्हा शाळकरी पोर करून टाकणारी पुस्तकं. ती पुस्तकं मी तयार करते.

या अंकाच्या संपादकांनी लिहाल का विचारलं तेव्हा मी म्हटलं, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्यांनी अनुभव लिहावेत. मी अजून तिशीचीही नाही. पण ते म्हणाले, तुमच्या कामाची माहिती लोकांना नाही. हे खरं आहे. लोकांना हेही माहीत नाही की आरोग्य केंद्रात समोर बसलेला डॉक्टर तुमची नाडी धरून मनातल्या मनात चार पर्याय मोजत असतो.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. एमबीबीएस झालं की माणूस डॉक्टर होतो. पण पुढे एमडी, एमएस करायचं तर प्रवेश परीक्षा. एकोणीस विषय, एका प्रश्नाला चार पर्याय आणि विचार करायला जेमतेम मिनिट. परदेशातून शिकून आलेल्यांना तर त्याआधी परवान्याची परीक्षा. ती होईपर्यंत, गावाने ज्याची मिरवणूक काढली त्या पोराला कायद्याने सर्दीची गोळीसुद्धा लिहिता येत नाही. मोठ्या शहरांतली मुलं नोकरी न करता वर्षभर क्लास लावून वाचतात. आमच्याकडचे डॉक्टर बाळंतपण आणि शवविच्छेदन यांच्यामधल्या वेळात वाचतात. परीक्षा दोघांना एकच. हा अन्याय आहे, आणि तसं म्हणायला मला कुणाची परवानगी नको.

म्हणून आमचं गाइड खिशात मावणारं. दुकानाचे मालक नंदूकाका जुने, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, छापखान्यात हात काळे केलेले. त्यांनी एका डॉक्टरचा एप्रन टेबलावर पसरला, पट्टीने खिसा मोजला आणि त्या मापात पान कापलं. एका पानावर एक आजार. आजार दुसऱ्या पानावर सांडायचा नाही, हा आमचा नियम. डॉक्टरला ओपीडीत दोन पेशंटच्या मध्ये जेवढी उसंत मिळते तेवढंच पान.

आणि पान मराठीत. परीक्षा इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत, पण झेडपीच्या शाळेत शिकलेलं डोकं ऐन वेळी मराठीतच घाबरतं. ही कल्पना डॉ. अश्विनी यांची. त्या जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या वह्यांवरून मी एकेक पान मराठीत आणायचं, चटकन लक्षात राहील असं, आणि काकांनी बांधायचं. सरकारी डॉक्टरला स्वतःच्या नावाने गाइड विकता येत नाही, म्हणून पुस्तकावर त्यांचं नाव नाही. काकांनी म्हटलं, मग दुकानाचंही नको. मी म्हटलं, माझंही नको. असं बिननावाचं पुस्तक जिल्हाभरच्या एप्रनांत गेलं.

हे काम मला का दिलं? कारण मी पत्रकं लिहायची. कॉलेजात असल्यापासून आरोग्याच्या मोर्च्यांत होते. ‘दवाखाना आहे, डॉक्टर कुठे?’ हे पत्रक माझं. मला शिकवलं दत्ताभाऊंनी. ते आमच्या संघटनेचे, वयाने बापाएवढे. पत्रक माणूस उभ्याने वाचतो, तेही दुसरीकडे जाता जाता, असं ते सांगायचे. माझ्या मजकुरात ‘शक्यतो’, ‘परंतु’, ‘काही वेळा’ असं काही दिसलं की लाल पेन्सिल. “वैशाली, परंतु आला की माणूस पळाला,” म्हणायचे. सात वर्षं मी परंतु कापत आले. हात बसला. त्या हाताचा मला गर्व होता, आणि तो लपवत नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही टोचायची. ज्या केंद्राला डॉक्टर मिळावा म्हणून मी उन्हात पत्रकं वाटली, तिथे डॉ. अश्विनी आल्या. आणि त्यांना तिथून बाहेर काढणारं पुस्तक मीच बांधायला बसले. काकांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, “मंग काय, तिला दावं बांधून ठिवतीस का?”

गिऱ्हाइकं एकेक नमुना. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावचे एक शेतकरी आपल्या डॉक्टर मुलाला जीपमध्ये घालून घेऊन आले. मुलगा परदेशातून शिकून आलेला, परवान्याच्या परीक्षेत दोनदा अडकलेला. तो गप्प, बोलणार वडील. “काका, ह्याला आसं पुस्तक द्या की ते डोक्यात चिकटलंच पाहिजे.”

काका म्हणाले, “चिकटायचा डिंक माझ्याकडं हाय, पण तो पुस्तकाच्या पाठीला लावतो.”

मुलगा हसला. त्याचे वडील हळूच म्हणाले, “लई दिसानं हसला.”

वाशीमकडचे एक डॉक्टर दुकानात यायचेच नाहीत. स्वतःचा दवाखाना, चाळिशी उलटलेली. या वयात परीक्षेला बसतो हे कुणाला कळू नये म्हणून मला कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर बोलवायचे. मी बसने जायची, ते गाडीची काच चार बोटं खाली करायचे आणि गाइड तिथून आत घ्यायचे, जणू मी काही बेकायदा माल देऊन राहिले. एकदा ढाबेवाल्याने मला विचारलंच, “ताई, पुडी कशाची हाय?”

एका डॉक्टरीणबाईंना पिवळंच कव्हर हवं असायचं, कारण आदल्या वर्षी पास झालेल्या मैत्रिणीचं पिवळं होतं. हृदयाचं ऑपरेशन शिकायला निघालेली ही माणसं. मी हसायची. आता हसत नाही. भीती काय करायला लावते ते मी जवळून पाहिलं.

झालं ते असं.

दुसरी आवृत्ती चालू होती. विंचूदंशाचं पान दोन ओळींनी वाढत होतं. नंदूकाका मशीनपाशी उभे. “वैशे, दोन ओळी जास्त होऊन राहिल्या. अक्षर बारीक करू का?”

अक्षर बारीक केलं तर डॉक्टरला चालत्या गाडीत वाचता येत नाही. मी म्हटलं, थांबा. डॉ. अश्विनींनी तपासून दिलेला कागद समोर होता. त्यावर लिहिलं होतं की विंचू चावून नुसतं दुखत असेल तर प्राझोसिन द्यायचं नाही. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार अशी लक्षणं असतील तरच द्यायचं. आणि दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं, उठू द्यायचं नाही, कारण पहिल्या डोसनंतर बीपी एकदम पडू शकतं.

मला त्यात फक्त परंतु दिसले. तर. तरच. शकतं. परीक्षेत प्रश्न येतो तो विंचवावर औषध कोणतं एवढाच, आणि उत्तर प्राझोसिन. मी लिहिलं: ‘विंचू चावला? प्राझोसिन द्या. वाट बघू नका.’

पान बरोबर बसलं. काकांनी वाचून मान डोलावली. डॉ. अश्विनींना पुन्हा दाखवलं नाही. त्या दोन केंद्रांचा चार्ज सांभाळून अभ्यास करत होत्या. दोन ओळींसाठी फोन कशाला, असं मला वाटलं. परीक्षेसाठी ते पान बरोबर होतं. खाटेवरच्या माणसासाठी ते चूक होतं. आणि गाइड खाटेपर्यंत जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा डॉ. अश्विनी रजेवर नांदेडला खोली घेऊन वाचत होत्या. त्यांचा फोन आला. औषधांची जुनी वही केंद्रातल्या टेबलाच्या खणात राहिली, तेवढी बसने पाठवशील का? मी दुपारी केंद्रात गेले.

रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी दुसरा डॉक्टर नाही. शेजारच्या केंद्राचे डॉक्टर दिवसाआड येणार, तो दिवस त्यांचा नव्हता. केंद्र शोभा सिस्टर सांभाळत होत्या. कंत्राटी नर्स, बावीस वर्षांचा अनुभव, आणि दरवर्षी करार पुन्हा होईल की नाही ही धास्ती. वह्या न्यायला मी यायची म्हणून त्या मला ओळखत. त्यांनी मला पाणी दिलं आणि भिंतीकडे बोट केलं. “बघ, तुझं पुस्तक आमी फोडलं.”

इमर्जन्सी ट्रेच्या वर, भिंतीला माझी पानं चिकटवलेली होती. साप, विंचू, झटके, विषबाधा. वर प्लास्टिक लावलेलं. “मॅडमला विचारूनच लावले. विंग्रजी असतं तर लावलं नसतं. हे कसं, एका नजरंत दिसतं.”

मला काय वाटलं ते खरं लिहिते. मला अभिमान वाटला. मी मोबाइलवर फोटो काढला.

खणातली वही घेऊन निघणार तोच दोन बाया एका तिसरीला धरून आत आल्या. कौसाबाई, पन्नाशीच्या पुढच्या. हळदीचा वाळलेला पाला उचलताना बोटाला विंचू चावला होता. त्या ओरडत होत्या, शिव्या देत होत्या, पण घाम नव्हता, उलटी नव्हती. शोभा सिस्टरांनी आधी चार्जवरच्या डॉक्टरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. माझी ओळ त्यांनी ओठांनी वाचली, ट्रेमधून गोळी काढली आणि कौसाबाईंना दिली.

मला तेव्हाही काही कळलं नाही. उलट मी म्हटलं, “सिस्टर, लगेच गुण येईल.”

मी तिथेच बसून राहिले, कारण बस तासाने होती. वही चाळत होते. विंचवाचं पान आलं. डॉ. अश्विनींचं तिरकं अक्षर, आणि खाली दोनदा रेघ मारलेली: उठू द्यायचं नाही.

मी मान वर केली तेव्हा खाट रिकामी होती.

“सिस्टर, त्या कुठं गेल्या?”

“मोरीकडं गेली. काहून?”

उत्तर द्यायच्या आत बाहेर आवाज झाला. कौसाबाई पायरीवर पडल्या होत्या. कपाळ फुटलेलं, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे, पण त्या कुणाला बघत नव्हत्या. शोभा सिस्टर धावल्या. त्यांनी पाय वर करवले, बीपी बघितलं, सलाइन लावलं, एका बाईला कपाळ दाबून धरायला सांगितलं, मला म्हणाल्या, “ॲम्ब्युलन्सला फोन लाव, उभी काय राहिलीस!” बाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्या सारखं म्हणत होत्या, “कौसामाय, माझ्याकडं बघ. बघ माझ्याकडं.” थोड्या वेळाने कौसाबाईंनी पाहिलं आणि पुन्हा शिवी दिली. आयुष्यात एवढी गोड शिवी मी ऐकली नाही.

जीव वाचला. कपाळाला टाके पडले, उजवं मनगट मोडलं. ऐन हळदीच्या काढणीत.

मी वही घेऊन बसमध्ये बसले. कौसाबाई तर वाचल्या. पण ती पानं किती भिंतींवर असतील? विकलेल्या प्रती मला माहीत होत्या, भिंती माहीत नव्हत्या. दुकानात येऊन काकांना सांगितलं. ते खाली बसले. “दोन ओळी,” म्हणाले. “म्या म्हणलो तुला दोन ओळी जास्त हायत.”

“कापल्या मी.”

“मशीन म्या चालवली ना.”

त्याच दिवशी आम्ही घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला फोन लावायला सुरुवात केली. विंचवाचं पान फाडा, भिंतीवर असेल तर काढा. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं परीक्षा झाल्यावर बघू. एकाने विचारलं, “म्हणजे उत्तर प्राझोसिन नाही का?” मी सांगितलं, उत्तर तेच आहे. तो म्हणाला, “मग प्रॉब्लेम काय?” मला त्याचा राग आला. मग आठवलं की त्याला असा विचार करायला मीच शिकवलं होतं, एका पानावर एक.

डॉ. अश्विनींना सांगावं की परीक्षा होऊ द्यावी? काका म्हणाले होऊ दे, पोरगी खचंल. एक दिवस मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी आधी कौसाबाईंचं बीपी विचारलं, मग हात कोणता मोडला ते विचारलं, मग म्हणाल्या, “मी दिलेल्या कागदावर त्या ओळी होत्या.”

“होत्या. मी कापल्या. पानात मावत नव्हत्या.”

त्या म्हणाल्या, “छापलेलं पुस्तक माझ्याच खिशात होतं, वैशाली. ते पान मी उघडून पाहिलं नाही, भिंतीवर लावा म्हटलं तेव्हाही नाही. मला ते येत होतं ना.” आणि फोन ठेवला. त्या परीक्षेला बसल्या. विंचवाचा प्रश्न आला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. जागा मिळण्याएवढे गुणही आले नाहीत. कारण मी आहे का, हे त्यांनी कधी म्हटलं नाही. मी विचारायला धजले नाही.

आता शोभा सिस्टर. कौसाबाईंच्या मुलाने तक्रार दिली, नर्सने मनाने गोळी दिली म्हणून. सिस्टरांना नोटीस निघाली. करार महिन्याअखेर संपत होता. नोटीस असताना करार पुन्हा होत नाही, हे केंद्रातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. सिस्टरांनी खुलाशात लिहिलं की भिंतीवरच्या पानाप्रमाणे औषध दिलं. मॅडम अडकतील म्हणून पान कुठून आलं ते लिहिलं नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांनी पान मागवलं. पानावर कुणाचंच नाव नाही. बिननावाच्या कागदावर विसंबून औषध दिलं, म्हणून दोष आणखी वाढला.

त्या आठवड्यात दत्ताभाऊ दुकानात आले. हातात मजकूर. “वैशाली, पटकन लाव. बाजाराच्या दिवशी वाटायचंय.” वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘गरिबाच्या जिवाशी खेळणाऱ्या नर्सला घरी बसवा!’ खाली सिस्टरांचं पूर्ण नाव. एकही परंतु नव्हता. शिकवल्याप्रमाणे.

“भाऊ, ती ओळ माझी आहे,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकलं. डोकं खाजवलं. “हे कुनाकुनाला म्हाईत हाय?”

“काका, मॅडम, आता तुमी. सिस्टरला पुस्तक माझं येवढंच ठाऊक.”

“मंग गप बस ना. तू डॉक्टर न्हाईस, तुला कोन धरून राहिलंय? आपला मुद्दा डॉक्टरच्या रजेचा हाय. नर्स म्हंजी निमित्त.”

“मग वर तिचं नाव काहून? रजेचं लिवा. बदली डॉक्टर का दिला नाही ते लिवा. आणि पान मी लिवलं तेही लिवा.”

“येवढं कोन वाचतंय?”

“मी वाचते.”

“ते पत्रक न्हाई पोरी, कबुलीजबाब हाय.” त्यांनी मजकूर घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या छापखान्यात गेले. बाजाराच्या दिवशी ते पत्रक वाटलं गेलं. भज्याच्या गाड्यावर भजी त्यातच बांधून दिली. मी सात वर्षं ज्यांचं ऐकलं त्यांच्याशी तेव्हापासून बोलणं नाही. मोर्च्याला जाते. मागच्या रांगेत उभी राहते.

मी साहेबांकडे गेले. डॉ. अश्विनींनी परत दिलेली वही त्यांना विचारून नेली, छापलेलं पान नेलं, अर्ज नेला. अर्जात लिहिलं की मूळ मजकूर डॉक्टरांनी बरोबर दिला होता, तो मी न विचारता कापला, सिस्टरांचा यात दोष नाही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही.”

“नर्स? फार्मासिस्ट?”

“नाही. टायपिंग करते.”

“मग टायपिंग करणाऱ्यावर मी कोणती कारवाई करू?”

“ते तुमी बघा. सिस्टरवरची मागं घ्या.”

“तक्रारदार मागे घेईल तर बघू,” म्हणाले, आणि पंख्याखाली उडणारा माझा अर्ज पेपरवेटखाली सरकवला. बदली डॉक्टर का नव्हता, हे मी विचारलं. त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं. माझ्यासाठी नव्हे.

मग कौसाबाईंच्या घरी. अंगणात शिजवलेली हळद पसरलेली, त्या डाव्या हाताने खडे वेचत होत्या. मुलगा उभाच राहिला, बस म्हणाला नाही. मी सगळं सांगितलं.

कौसाबाई म्हणाल्या, “म्हंजी सिस्टरनं गोळी मनानं न्हाई दिली?”

“नाही. मी लिहिलेलं वाचून दिली.”

“आन तू डॉक्टर न्हाईस.”

“नाही.”

“मंग काहून लिवलंस, बाई?”

मी सांगू शकले असते की जागा कमी होती, परीक्षा जवळ होती, सरकार डॉक्टर देत नाही. सगळं खरं आहे. त्या हळदीपुढे उभं राहून यातलं काही तोंडातून निघालं नाही.

मुलगा म्हणाला, “ही आता आली गोड बोलायला.”

“तू गप ऱ्हाय,” कौसाबाई म्हणाल्या. “सिस्टरनं माझं डोस्कं मांडीवर घेतलं व्हतं. तुला म्हाईत न्हाई, तू तवा नव्हतास. तिचं नाव काढ त्या कागदातून.” मग माझ्याकडे न बघता, “हिचं टाक पाह्यजे तर.” मुलाने नवा कागद लिहिला. कौसाबाईंनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. माझं नाव त्यात होतं. पुढे मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

करार पुन्हा झाला, पण दुसऱ्या केंद्रात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शोभा सिस्टर निघण्याआधी दुकानात आल्या होत्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. “तुझ्या अर्जानं नोकरी वाचली म्हणतात सगळे. दोन बस बदलून जायाची नोकरी वाचली.” काकांनी चहा मागवतो म्हटलं. “नको. हिनं माझ्याकडून पानी पिऊन जे केलं ना...” गेल्या.

मी गाइड बंद केलं नाही. हे वाचून कुणाला राग येईल, येऊ द्या. डॉक्टर येतच राहतात, घाबरतच राहतात, आणि आम्ही नाही दिलं तर दुसरं कुणी याहून वाईट देईल. पण आता आजार दोन पानांवर सांडला तरी सांडू देतो. एप्रनचा खिसा फुगतो. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव आहे, दुकानाचं आहे, आणि ‘हे परीक्षेसाठी आहे, भिंतीसाठी नाही’ असं ठळक लिहिलंय. डॉ. अश्विनी अजून त्याच केंद्रात आहेत. रविवारी येतात. जुनी आवृत्ती आणि त्यांच्या वह्या समोरासमोर ठेवून आम्ही ओळ न् ओळ पडताळतो. जिथे जिथे माझी कात्री चालली तिथे त्या काही न बोलता पेनाने टिंब करतात. टिंबं बरीच झालीत. दर टिंबाला मला वाटतं, ही ओळ आत्ता कुठल्या भिंतीवर असेल.

अर्धं पुस्तक पडताळून झालं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी दुकान नुकतंच उघडलेलं. फोन वाजला. शोभा सिस्टर. निघून गेल्यापासून पहिल्यांदाच.

“वैशाली, इथं भिंतीला तुझं पान हाय.”

“तिथं कसं? त्या केंद्रात तर कुणी घेतलंच नाही.”

“झेरॉक्सचं झेरॉक्स दिसतंय. अर्धी अक्षरं गेलेत. विंचवाचं न्हाई. लेकराच्या झटक्याचं. बराबर हाय का ते सांग.”

मी वही ओढली. झटक्याचं पान आम्ही अजून पडताळलं नव्हतं. मी पान शोधायला लागले. मागून एका बाईच्या रडण्याचा आवाज येत होता.

“सिस्टर, तिथं कुणी पेशंट आहे का?”

“लेकरू आणलंय. थांबलेत झटके आता, पण पुन्हा येतीन.”

“सिस्टर, तुमी पान बघू नका, डॉक्टरांना...”

“मला शिकवू नको. बावीस वर्षं करून राहिले मी. औषध मी भरून ठिवलंय, डॉक्टर गाडीतून उतरून राहिले. मला काय करायचं ते म्हाईत हाय. पण माझ्यासंगं ड्यूटीला नवीन पोरगी हाय, ती भिंतीकडं बघून राहिली. म्हणून इचारते. बराबर हाय का न्हाई?”

वहीत झटक्याचं पान सापडलं. डॉ. अश्विनींच्या आठ ओळी. माझं पान मला तोंडपाठ होतं. पाच ओळींचं. कोणत्या तीन गेल्या ते वाचायला सुरुवात केली आणि दोनदा बोट चुकीच्या ओळीवर गेलं. नंदूकाका काउंटरपलीकडून माझ्याकडे बघत होते.

“मला माहीत नाही, सिस्टर,” मी म्हटलं. “मला माहीत नाही. फाडा ते.”

“हां,” त्या म्हणाल्या. फोन चालूच होता. आधी प्लास्टिक निघाल्याचा आवाज आला, मग कागदाचा.